मालवण ते मुरुडेश्वर : आपल्या किनाऱ्यावर बुडी कुठे मारावी?

घाटमाथा

दिवाळी जवळ आली की इथे तोच प्रश्न फिरून येतो : मालवणला स्कूबा करावे का, कुठल्या जागी, आणि खरेच काही दिसते का. उत्तरे वेगवेगळ्या धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून हा एकच धागा काढते आहे. मी डायव्हिंग तारकर्लीत शिकले आणि त्यानंतर कोल्हापूरहून रात्री निघून सकाळी गाठता येईल असा जवळपास सगळा किनारा पाण्याखालून पाहिला. अंदमान आणि लक्षद्वीप इथे मुद्दाम घेत नाही. त्यांच्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. आपल्या दाराशी असलेल्या समुद्राचा विषय मात्र 'गढूळ आहे, काही दिसत नाही' एवढ्यावर संपतो, आणि ते मला पटत नाही.

गढूळपणाचे आधी बोलू. कर्ली, गड, तेरेखोल या नद्या पावसाळाभर घाटावरची माती समुद्रात आणून टाकतात. ती उथळ पाण्यात बरेच दिवस खालीवर होत राहते. लक्षद्वीपच्या बेटांवर नदीच नाही, त्यामुळे तिथे पंचवीस मीटरपर्यंत आरपार दिसते. मालवणला चांगल्या दिवशी सहा-आठ मीटर दिसले तरी नशीब समजावे, आणि वाईट दिवशी शेजारच्या माणसाच्या पायांतले फिन्स (पोहायची वल्ही) तेवढे दिसतात. म्हणून इथे जागेच्याही आधी दिवस निवडावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा वारा वाढतो, तेव्हा सकाळच्या पहिल्या बोटीनेच जावे. मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत सगळे बंद.

आता मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ साली कुरटे बेटावर सुरू झाले. भोवती पाण्याखाली खडकच खडक, परक्या गलबताला वाट सापडणे कठीण, म्हणून जागा पक्की झाली. त्याच खडकांवर आज प्रवाळ वाढले आहेत. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले : एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे खडक. इथले प्रवाळ फांद्या-फांद्यांचे, चित्रात दिसतात तसे नाहीत. पोराइट्सचे गोल धोंडे आहेत, आणि टर्बिनारियाचे दुमडलेले थर, कोबीच्या पानांसारखे एकात एक बसलेले. मला ते दुसरेच जास्त आवडतात. एका थराच्या आडोशाला दहा मिनिटे शांत थांबलात तर आधी लहान कोळंबी दिसते, मग खेकडा, मग वामचे तोंड बाहेर येते. शेवंडीच्या मिशा दिसतात. हेकरू (ग्रूपर मासा) आपल्या बिळाच्या तोंडाशी बसून तुमच्याकडे बघत राहतो.

पण किल्ल्याजवळ जी 'स्कूबा' सर्रास विकली जाते तिच्यात हे थांबणे नसते. पाच-सहा मीटर खोली, प्रशिक्षक मागून टाकी धरून फिरवतो, बिस्किटाचा चुरा सोडून मासे गोळा करतो, व्हिडिओ काढतो, वर आणतो. पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेण्याचा अनुभव म्हणून ते मोलाचेच आहे. तेवढ्यावर 'मालवण पाहिले' म्हणू नका, एवढेच सांगते. तारकर्लीला एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. तिथे किंवा दुसऱ्या प्रमाणित केंद्रात तीन-चार दिवस काढून ओपन वॉटर कोर्स केलात तर १८ मीटरपर्यंत स्वतःच्या बळावर, जोडीदाराबरोबर जाता येते. मग हाच किनारा वेगळा दिसू लागतो.

दक्षिणेला निवतीसमोरचे खडक आणि वेंगुर्ला रॉक्स आहेत. तिथल्या गुहांत पाकोळी पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. पाणी किल्ल्याजवळच्यापेक्षा खोल आणि बरेचसे निवळ, प्रवाह मात्र जोरदार. नवख्यांनी तिथे उतरू नये. आयएनएस गुलदार ही नौदलाची सुमारे ८४ मीटर लांबीची नौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली आणि पुढे एमटीडीसीकडे आली. निवतीच्या खडकांजवळ ती तळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची, अशी योजना आहे. मला या योजनेकडून मोठी आशा आहे. किल्ल्याभोवतीच्या खडकांवरची गर्दी हलली तर त्यांना उसंत मिळेल.

गोव्याचे ग्रांद बेट आणि कर्नाटकातले नेत्राणी यांबद्दल माझ्याहून जास्त माहीत असणारे इथे आहेत, त्यांनी लिहावे. माझे मत विचाराल तर या साऱ्या किनाऱ्यावर एकच जागा निवडायची झाल्यास मी नेत्राणी निवडेन.

रापणकर

चांगला लिवलास. दिवस निवडायचा म्हटलंस ना, तर आमची रीत सांगतो.

पुनवेक आणि आवसेक उधाण. पाणी लय चढता, लय उतरता. ओहोटीत खाडीचा सगळा मातकट पाणी भायर येता, मगे तळ दिसना नाय. अष्टमीच्या पुढे दोन-तीन दिवस भांग. तेव्हा पाण्याची ये-जा कमी, ओढ कमी, गाळ खाली बसलेला. स्कूबाला भांगाचे दिवस धरा.

भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. दशमी असेल तर दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशोब मुंबईचा, आमच्याकडे भरती त्याच्या थोडी आधी लागते. भरतीबरोबर भायरचा निवळ पाणी आत येता. म्हणून दशमी-एकादशीची सकाळ सगळ्यात बरी : भांगही असता आणि भरतीही सकाळची. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांत चालतं.

लोक शनिवार-रविवार बघून येतात. तिथी कोण बघत नाय.

पहिलटकर_पुणे

रापणकरकाका, हे सोन्यासारखे आहे. आम्ही चौघे जानेवारीत येतोय, मी आत्ताच कालनिर्णय काढून बसलो. दोन शंका आहेत. माझ्या वडिलांचे वय ६२, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पोहता येत नाही, पण त्यांना फार इच्छा आहे. आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. दोघांना नेता येईल का?

प्रवाळवाचक

मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी. घाटमाथा यांनी बिस्किटांचा उल्लेख केला, त्यावर सविस्तर लिहिते, कारण मला तो मुद्दा फार जवळचा आहे.

फोटोत सगळ्यांच्या भोवती जे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे दिसतात ते सार्जंट मेजर. ते मुळातच धीट असतात. रोज आयते खाणे मिळू लागले की एका जागी शेकड्यांनी जमतात आणि बाकीच्या लाजऱ्या माशांना तिथे जागा उरत नाही. पर्यटक म्हणतो 'किती मासे!', पण ते एकाच जातीचे असतात. पोपट मासे, फुलपाखरू मासे, एंजल मासे बघायचे असतील तर बोटीवर चढायच्या आधीच सांगा, आम्हाला खाणे टाकायचे नाही. गिऱ्हाइकानेच मागितले नाही तर ही पद्धत हळूहळू सुटेल, असे मला मनापासून वाटते. खाणे टाकणाऱ्या मुलांना दोष देऊन काही होणार नाही, त्यांच्याकडे व्हिडिओ मागितला जातो तो तसाच.

दुसरे म्हणजे नांगर. प्रत्येक बोटीने खडकावर नांगर टाकला तर कित्येक वर्षांची वाढ एका ओढीत तुटते. कायमचे बांधलेले तरंगते बोये असतील तिथे बोट त्यालाच बांधली जाते का, एवढे पाहा.

आणि उष्णता. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, प्रवाळाचे बहुतेक अन्न तेच बनवते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा म्हणजे लगेच मेलेला नव्हे. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो. पण त्या काळात त्याला हात लावणे, त्यावर उभे राहणे, फिन्सने गाळ उडवून झाकणे, हे सगळे त्याला शेवटचा धक्का ठरू शकते. जगभरात प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी लाट एप्रिल २०२४ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाली. मालवणचे प्रवाळही मागच्या अशा लाटांतून गेलेले आहेत. मुळातच गढूळ आणि गरम पाण्यात तग धरणारे हे प्रवाळ आहेत, म्हणून अभ्यासकांना त्यांचे मोल वाटते. रंगीबेरंगी नाहीत म्हणून त्यांना कमी लेखू नका.

किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा घरी नेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात खडक बांधणारे प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत.

डॉ_किनारा

पहिलटकर, मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे आणि स्वतः डायव्ह करतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

मुलीला यंदा नको. मान्यताप्राप्त संस्था समुद्रातल्या पहिल्या डायव्हसाठी किमान दहा वर्षांचे वय धरतात. तिला मास्क-स्नॉर्केल घेऊन मालवणच्या चिवला किनाऱ्याच्या उथळ पाण्यात न्या, ती जास्त खूश होईल.

वडिलांच्या बाबतीत रक्तदाब गोळीने नीट आटोक्यात आहे का, हृदयाची तपासणी झाली आहे का, हे तुमच्या डॉक्टरांनी बघून लेखी द्यायला हवे. चांगल्या केंद्रात आरोग्याचा छापील फॉर्म भरून घेतात. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांपैकी काही असेल तर ते लपवून पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते. ज्या ठिकाणी हा फॉर्म भरून घेत नाहीत तिथून परत फिरा, पैसे भरले असले तरी. पोहता न येणे ही पहिल्या अनुभवाच्या डायव्हला अडचण नाही, कोर्सला आहे.

कानांचे सगळ्यांसाठी : दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, पण सगळ्यात मोठा फरक पहिल्या चार-पाच मीटरांतच जाणवतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलायची, ती दुखायला लागण्याआधी, दर हातभर खाली गेल्यावर. दुखू लागले तर प्रशिक्षकाला खूण करून थोडे वर या. सर्दी असेल त्या दिवशी डायव्ह नाही. गोळी घेऊन नाक मोकळे केले आणि पाण्याखाली असताना तिचा असर उतरला तर वर येताना हवा अडकते, आणि ते जाताना अडकण्यापेक्षा वाईट.

आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही. बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

बोगमाळो

ग्रांद बेटाबद्दल. हे बेट वास्कोच्या समोर आहे. बेटामुळे उत्तर-पश्चिमेचा वारा अडतो, त्यामुळे मालवणला समुद्र खवळलेला असतानाही इथे एखादी शांत बाजू मिळते. शेल्टर कोव्ह नवख्यांसाठी. माझी आवडती जागा मात्र सुझीज रेक, बुडालेल्या जहाजाचे अवशेष, बारा-पंधरा मीटरच्या आत. पत्रे, बॉयलर, फासळ्या, आणि त्या प्रत्येक पोकळीत काहीतरी राहते आहे : हेकरू, तांबोशी, विंचू मासे. वरून बराकुडांचा थवा जातो. व्हिजिबिलिटी तीन-चार मीटरच असते पुष्कळदा, पण रेकवर मला त्याची फारशी अडचण वाटत नाही, कारण बघायचे ते हाताच्या अंतरावरच असते. उमा गुमा रीफ आणि बाउंटी बे याही चांगल्या.

एक सावधगिरी बाळगा. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर 'ग्रांद आयलंड ट्रिप' म्हणून जेवण, संगीत, मासेमारी आणि शेवटी घाईघाईची बुडी असे पॅकेज विकतात. डायव्हिंगसाठीच निघणारी लहान बोट शोधा.

कारवारकर

नेत्राणी. मुरुडेश्वरपासून साधारण १९ किलोमीटर, बोटीने दीड तास. ज्यांना बोट लागते त्यांनी आदल्या रात्री हलके जेवावे.

फरक पाण्यातच आहे. किनाऱ्यापासून इतक्या लांब नदीची माती फारशी पोचत नाही. दहा-पंधरा मीटर सहज दिसते, कधी वीस. बेट समुद्रातून सरळ उभे राहिले आहे, त्याचा कडा पाण्याखाली तसाच उतरत जातो आणि खाली मोठमोठे धोंडे एकमेकांवर टेकलेले. पाच मीटरवर फिरणाऱ्या नवख्याला आणि तीस मीटरपर्यंत जाणाऱ्याला, दोघांनाही इथे काम आहे. मोडुसे, बराकुडा, पाकट, कासवे, आणि दैव चांगले असेल तर काळ्या टोकाच्या पंखांची लहान मुशी. व्हेल शार्कही या पाण्यातून जातो. मी काही वेळा नुसता कड्याला पाठ करून निळ्या बाजूकडे तोंड करून थांबतो. मोठे मासे तिकडूनच येतात, आणि सगळे लोक मात्र खडकाकडे बघत असतात.

नौदलाने हे बेट नेमबाजीच्या सरावासाठी वापरले आहे. तळाशी धातूचे काही दिसले तर हात लावू नका. सरावाच्या दिवसांत बोटी जात नाहीत, तेव्हा परतीचे रेल्वे तिकीट काढताना एक दिवस हातचा ठेवा.

पहिलटकर_पुणे

सगळ्यांचे आभार. वडिलांची तपासणी करून घेतो. आम्ही मालवणहून आंबोलीमार्गे परत येणार, त्याच दिवशी निघालो तर चालेल ना? विमानाबद्दल वाचले होते, गाडीचे माहीत नाही.

डॉ_किनारा

चांगला प्रश्न, आणि घाटावरच्या सगळ्यांना लागू होणारा.

पाण्याखाली दाबामुळे रक्तात नायट्रोजन जास्त विरघळतो आणि वर आल्यावर तासन् तास हळूहळू बाहेर पडतो. त्या काळात भोवतालचा हवेचा दाब आणखी कमी झाला तर बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्हनंतर किमान १८ तास विमान नको. हा नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर आहे. बेळगावही ७५० च्या आसपास. म्हणजे घाट चढणे हेसुद्धा त्यातच आले.

पाच मीटरवरची वीस मिनिटांची बुडी असेल तर धोका फार कमी. पण ओपन वॉटरचे डायव्ह, किंवा नेत्राणीचे दोन खोल डायव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढू नका. शेवटचा दिवस कोरडा ठेवा : किल्ला बघा, वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत कांदळवनाची सफर करा. तिथे बचतगटाच्या बायका होडी वल्हवतात आणि कांदळवनाची माहितीही छान देतात. सांधे दुखणे, मुंग्या येणे, विलक्षण थकवा असे काही डायव्हनंतर जाणवले तर शुद्ध प्राणवायू द्यायचा आणि दाबकक्ष असलेल्या रुग्णालयाशी बोलायचे. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ती सोय आहे.

निळाई

आंग्रिया बँकेबद्दल कोणीच लिहिले नाही.

प्रवाळवाचक

निळाई, लिहायला हात शिवशिवत होते, पण तिथे सहज जाता येत नाही म्हणून थांबले. विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. माथा वीसेक मीटर खोलीवर, आणि कडेला तळ एकदम शेकडो मीटर खाली. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला दिले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची मोठी मोहीम तिथे गेली होती. किनाऱ्याची माती तिथवर पोचत नाही, त्यामुळे प्रवाळांची स्थिती आपल्या किनाऱ्याजवळच्यापेक्षा कितीतरी चांगली. हे पठार १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक हद्दीबाहेर पडते, म्हणून राज्य सरकार एकट्याने त्याला अभयारण्य करू शकत नाही, केंद्राने पुढाकार घ्यायला हवा. पर्यटन सुरू होण्याआधी ते संरक्षण मिळावे. मालवणला अभयारण्य कागदावर आधी आले, पण त्याची आखणी गावात बसून झाली नाही, म्हणून मच्छीमारांना ते आपले वाटले नाही.

रापणकर

बाय, हे खरं लिवलंस. अभयारण्य म्हटलं की आमच्या पोटावर येईल ही धास्ती इतकी वर्षं आहे. पण आज गावातली कितीतरी पोरं मासेमारी सोडून डायव्ह मास्टर झालीत, तीच आता म्हणतात खडक राहिला तर धंदा राहील. त्यांच्याशी बोला. वरून हुकूम नको.

घाटमाथा

रापणकरकाकांचे म्हणणे सरकारी कागदांपेक्षा मला जास्त महत्त्वाचे वाटते.

बोट निवडण्याबद्दल राहिले होते. मे २०२२ मध्ये तारकर्लीसमोर स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते : चढल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर, बोटीत मोजकी माणसे, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात हट्ट नाही. प्रशिक्षकाचे कार्ड बघायला मागा, देताना कोणी कां-कूं केली तर दुसरीकडे जा. एक प्रशिक्षक पाण्याखाली एकाच वेळी किती नवख्यांना नेतो, हे विचारा. पहिल्या बुडीला 'एकाला एक' हेच उत्तर हवे. बोटीवर प्राणवायूची टाकी आहे का, हेही. दरातली घासाघीस त्यानंतर. शंभर-दोनशे रुपये कमी करून घेतले की ते बहुधा वेळेतून किंवा माणसांतून वसूल होतात.

पहिलटकर_पुणे

ठरले. जानेवारीतली एकादशी बुधवारी येते आहे. वडिलांच्या डॉक्टरांनी होकार दिला तर त्यांची आणि बायकोची पहिली बुडी त्या सकाळी, मुलगी चिवल्याला स्नॉर्केल, आणि मी तारकर्लीत ओपन वॉटर कोर्सला. गुरुवार कोरडा ठेवून शुक्रवारी आंबोली. माझा कोर्स त्यात बसेल का?

घाटमाथा

कोर्स बुधवारी सुरू केलात तर नाही बसणार. शनिवारी या, रविवारी स्विमिंग टँकमध्ये सुरुवात करा, मंगळवार-बुधवारचे समुद्रातले डायव्ह भांगात पडतील. पुस्तकी भाग आधीच घरी ऑनलाइन उरकून घ्या, त्यात एक अख्खा दिवस वाचतो. मास्क स्वतःचा विकत घ्या, दुकानात चेहऱ्याला लावून, पट्टा न अडकवता नाकाने श्वास ओढून बघा : जागेवर बसून राहिला तर तो तुमचा.

रापणकर

बुधवारी पहिली बोट सातला सोडतात. साडेसहाला जेटीवर या.